फणसाच्या लाकडाचं पान

भिकाजी च्यारी पाळणे करत नाही, हे अख्ख्या पेडण्याला ठाऊक होतं. दारं करील, खिडक्या करील, चवथीला गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीसाठी लाकडी चौकट करून देईल, पण पाळण्याचं नाव काढलं की रंधा खाली ठेवून चहा प्यायला निघून जाईल. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला माज आहे. असेल थोडा. सुताराला माज नसला तर सांधा घट्ट बसत नाही. पण पाळण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते त्याने पस्तीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच.

त्या कारणाचा एक तुकडा गुरुदासशेटच्या घरी, इंग्लिश कपाटात बसवलेला होता.

ते कपाट म्हणजे त्या घरचं मोठं कौतुक. शेटच्या आजोबांनी बेळगावात एका गोऱ्या साहेबाच्या लिलावात घेतलेलं. महोगनीचं, काचेच्या दारांचं, आणि दारांखालच्या फळीत पिवळ्या लाकडाची वेल कोरून बसवलेली. साहेबाने ते पुस्तकांसाठी करवून घेतलेलं, पण शेटच्या घरात त्यात दोन पंचांगं आणि बाकी सगळ्या लोणच्याच्या बरण्या. साहेबाच्या आत्म्याला काय वाटत असेल, देव जाणे.

शेट गेले. त्यांची सून सुविधा फोंड्याला राहायला निघाली आणि तिथल्या फ्लॅटच्या दारातून कपाट काही आत जाईना. तिने फोटो काढून ते फोनवर विकायला टाकलं. मांद्र्याच्या एका गेस्ट हाउसवाल्याला ते पसंत पडलं. शुक्रवारी टेंपो येणार होता. गिऱ्हाइकाची अट एकच होती, आणि तीच सांगायला सुविधाने भिकाजीला बोलावलं.

"भिकाजीकाका, तो म्हणता वेलीतला एक पान काळा दिसता. बाकीची पिवळी आसत. ता तेवढा बदलून दियात."

भिकाजीने वेलीवरून बोट फिरवलं. ते पान त्यानेच बसवलेलं. फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं, मग वर्षागणिक काळवंडत जातं. साहेबाचं लाकूड मात्र होतं तसंच राहिलं.

"आनी एक," सुविधाने आवाज खाली आणला. "ह्या कपाट दुपारचा वाजता. करकर, करकर. वाळवी लागली काय बगा."

"लाकूड तापला की वाजता," भिकाजी म्हणाला.

साफ खोटं बोलला. तो आवाज त्याला चांगला ओळखीचा होता. दरवर्षी चवथीच्या आधी न बोलावता तो पॉलिशचा डबा घेऊन या घरी यायचा, तो त्या आवाजासाठीच. घरचे जेवायला बसले की तो कपाटाला कान लावायचा. आतून दोर करकरायचा, आढ्याला टांगलेल्या पाळण्याचा करकरतो तसा. थोडा वेळ, मग बंद.

पस्तीस वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, आनंदीला, पहिली मुलगी झाली. बारशासाठी भिकाजीने परसातल्या फणसाचा पाळणा केला. नव्या पाळण्यात आधी वरवंटा निजवायचा आणि मगच झोका द्यायचा, रिकामा कधी हलवायचा नाही, हे त्याच्या बापाने त्याला रंधा धरायच्या आधी शिकवलेलं. पण नवव्या दिवशी भर दुपारी पाळणा पुरा झाला, टांगला, आणि आनंदाच्या भरात गडी विसरला. दोन बोटांनी झोका दिला. सांधा कुठे हलत नव्हता. दोर करकरत होता आणि हा गुणगुणत बघत राहिला.

अकराव्या दिवशी मुलगी गेली. ताप नाही, रडणं नाही. सकाळी उठलीच नाही.

वडीलधाऱ्यांनी पाळणा नदीला द्यायला सांगितला. भिकाजीने तो सुटा करून तेरेखोल नदीत सोडला, पण एक वीतभर तुकडा त्याच्या हातातून सुटला नाही. घरी न्यायची हिंमत नव्हती. त्याच आठवड्यात शेटकडे वेलीतलं एक पान निखळून हरवलं होतं. त्याने त्या तुकड्याचं पान केलं आणि लोकाच्या कपाटात लेकीची आठवण लपवून आला. पुढे मुलगा झाला, विशाल. तो झोळीतच वाढला.

आता ते पान निघून कचऱ्यात जाणार. तेही त्याच्याच हाताने.

गुरुवारी बाराच्या सुमाराला तो शेटकडे कामाला बसला. नवं पान एका जुन्या पेटीच्या पिवळ्या लाकडाचं करून आणलेलं. पटाशी टेकवली मात्र, करकर सुरू झाली. नेहमीसारखी आतून नाही, थेट पात्याखालून. त्याने पटाशी तशीच आत सारली. पान सुटून तळहातावर आलं. नवं बसवलं, पुसलं, हत्यारं भरली, तरी आवाज चालूच. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, कपाट केव्हाच गप्प झालंय. आवाज त्याच्या शर्टाच्या खिशातून, तिथे टाकलेल्या जुन्या पानातून येत होता.

त्याने स्कूटर सरळ नदीवर नेली. राहिलेलं काम उरकून टाकायचं, बस्स. पुलाच्या कठड्यापाशी उभं राहून त्याने पान पाण्यावर धरलं. करकर जलद झाली. मूल रडू लागलं की घाईघाईने झोके देतात, तशी. भिकाजीने हात मागे घेतला आणि घरी आला.

आनंदी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर उंबऱ्यावर बसला, पान तिच्या सुपाशेजारी ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला,

"मियां तो पाळणो रिकामोच हालवलो."

"माका खबर आसा," ती म्हणाली. "मी बाळंतिणीच्या खोलीत जागीच होतंय. दोर करकरत होतो, आनी तुमी गुणगुणत होतात."

"मगे आडवलंस कित्याक नाय?"

आनंदीने सूप बाजूला सारलं. "तुमी इतके खूश होतात. माज्या तोंडातसून शब्दच भायर पडलो नाय." पस्तीस वर्षं तीही तेच गिळून बसली होती. पान करकरत होतं. दोघांनाही ऐकू येत होतं.

ती उठली, आतून पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात तो गुंडाळला, फडक्यात त्याच्या छातीशी ते पान खोचलं आणि मांडीवर निजवून हळूहळू हलवू लागली. मग खाली वाकून वरवंट्याच्या कानाशी म्हणाली, "तारा." बारशाआधी कोणाला सांगायचं नाही म्हणून तिने ते नाव मनात ठेवलेलं, ते तिथेच राहिलेलं.

करकर थांबली. भिकाजी उंबऱ्यावर बसून होता. आपल्या मुलीचं नाव त्याला आज पहिल्यांदा कळलं.