हरळीचे सेक्रेटरी

फुटबॉलवर जीव असलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण खेळामुळे गवताला त्रास होतो म्हणून हळहळणारा फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी नाशकात तरी माझ्या मामेसासऱ्यांशिवाय दुसरा झालेला नाही. आमचा क्लब जिल्हा लीगच्या अगदी तळच्या गटात खेळायचा आणि तिथेच राहायचा. मामांची त्याला मुळीच हरकत नव्हती, कारण वरच्या गटात गेलं की सामने वाढतात आणि सामने वाढले की मैदान मरतं, असा त्यांचा हिशेब होता. मी उजव्या बगलेचा बचावपटू. त्यांच्या भाचीशी लग्न झाल्यावर तरी मैदानावर माझी पत वाढेल अशी माझी भाबडी समजूत होती. सुधारली ती फक्त भाषा. आधी ते "ए, पाय घासू नकोस" म्हणून ओरडायचे, लग्नानंतर "जावईबापू, पाय उचलून पळा" असं ओरडू लागले. एकदा मी जीव खाऊन घसरत गेलो आणि हमखास होणारा गोल वाचवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा धावत आत आले, मला ओलांडून पुढे गेले आणि माझ्या बुटांनी उखडलेला गवताचा तुकडा जागेवर बसवून तळहाताने दाबत राहिले. रेफरीने बाहेर जायला सांगितलं तर म्हणाले, "साहेब, पेशंट गंभीर आहे, जरा थांबा." रेफरी ओळखीतले होते, ते थांबले.

मामा पाटबंधारे खात्यात होते. नोकरीपायी त्यांचं कळवण-सटाण्याकडे सारखं फिरणं असे, आणि तिथल्या कांद्याच्या शेतांतून हरळी पोत्यात भरून, एसटीच्या टपावर टाकून ते नाशकात आणत. शेतकरी जिला उपटून उपटून जेरीस येतो ती हरळी सरकारी माणूस हात जोडून मागतो, याचं तिकडे फार नवल होतं. सटाण्याकडचा एक म्हातारा पुढे मला म्हणाला, "तुमना मामा पोतं भरीसन हरळी लई जायेत. आमले वाटे, साहेबनं डोकं फिरेल शे." गणपतीत मात्र मामांची पंचाईत होई. हरळी म्हणजेच दूर्वा, त्यामुळे आजूबाजूच्या बायका सकाळीच परड्या घेऊन मैदानात उतरत. देवाच्या कामाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. मग ते कॉर्नरच्या झेंड्यापाशी उभे राहून, "वहिनी, इकडची घ्या, गोलसमोरची जून आहे," असं धडधडीत खोटं सांगत. आणि पाऊस लागून राहिला की फाटकाला कुलूप. कुणी विचारलंच तर आवाज खाली आणून म्हणत, "गवत झोपलंय."

क्लबात मुलींचा संघ निघाला तेव्हा सगळ्यांत खूश मामाच होते. मुली हलक्या पावलांनी पळतात, हे त्याचं कारण त्यांनी मला खाजगीत सांगितलं. पण पावसाळ्यात जे थोडे कोरडे दिवस मिळत ते आम्हा पुरुषांच्या सामन्यांत जात, आणि उरलेले गवताच्या विश्रांतीत. मुली यायच्या, कुलूप बघायच्या आणि परत जायच्या. एक देणगीदार मैदानावर टर्फ घालून द्यायला केव्हाचा तयार होता. कमिटीतल्या इतरांचा होकार होता, पण मामांनी मान हलवल्याशिवाय क्लबात खुर्चीसुद्धा हलत नसे. "प्लॅस्टिकच्या सतरंजीवर खेळायचं तर घरी कॅरम खेळा," असं म्हणून ते विषय संपवत.

एका संध्याकाळी मुलींची कॅप्टन रेश्मा भुरभुर पावसात फाटकाशी थांबून राहिली. मामा आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये चहा पीत होतो. ती भांडली नाही. म्हणाली, "मामा, रोज प्रॅक्टिसला जाते सांगून निघते आणि लगेच घरी परत. अब्बा म्हणतात, ग्राउंडच बंद असतं तर ही जाते कुठे? या महिन्यात बघतील, नाहीतर बंद करतील माझं येणं." मामांनी चहा खाली ठेवला. पुढच्याच मीटिंगला, विषय निघायच्या आधीच ते म्हणाले, "टर्फ घालून घ्या. लवकर घाला."

जेसीबी आला त्या सकाळी आम्ही दोघं कडेला उभे होतो. मातीचा वरचा थर निघत होता, त्याबरोबर हरळी मुळांसकट गुंडाळली जात होती, आणि सगळीकडे ओल्या गवताचा वास सुटला होता. मला रडू येत होतं, आणि जावयाने मामेसासऱ्यांसमोर रडावं की नाही हे कळत नव्हतं. मामा ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, "सावकाश घ्या हो."

आता मुली भर पावसात खेळतात. रेश्माचे अब्बा कधी कधी येऊन उभे राहतात. खेळ खरोखर सुधारलाय, चेंडू सरळ जातो, मोजे पांढरे राहतात. मला मात्र ते मैदान फार आठवतं, पडल्यावर तोंडात येणाऱ्या मातीसकट. टर्फचीही देखभाल लागते म्हणून ती मामांनी अंगावर घेतलीय.

परवा मध्यंतरात ते आत जाऊन खाली बसलेले दिसले. टर्फच्या दोन पट्ट्यांच्या जोडातून हरळी वर आली होती, चांगली हिरवीगार. मामा ती मुळाशी धरून उपटत होते. रेश्मा जवळ आली. म्हणाली, "मामा, राहू द्या ना. एवढीशीच तर आहे."

"नको गं," मामा म्हणाले. "जोड उचलला जातो. पळताना पाय अडकेल कुणाचा."

त्यांनी उरलेली हरळीही उपटली, बोटं हळूच नाकाशी नेली, आणि उठायला हात मिळावा म्हणून माझ्याकडे बघितलं.