मामांच्या धोतराची साक्ष

हवेची वकिली करणारा माणूस उभ्या नागपुरात एकच होता, आणि तो नेमका आमच्या हिचा मामा निघाला. बाकीचे वकील जमिनीच्या, वाटणीच्या, फार तर डोकी फोडल्याच्या केसेस घेत. मामा धुराच्या घेत. धुराची केस घेऊन येणारा पक्षकार सहसा मिळत नाही, म्हणून बहुतेक वेळा पक्षकारही तेच असत. हवेसाठी वेगळा कायदा तेव्हा निघायचा होता. जो होता तो इंग्रजांच्या काळापासूनचा, रस्त्यात गुरं बांधू नका, गटार तुंबवू नका अशा जातीचा. पण तो नीट वाचला तर त्यात आभाळसुद्धा बसतं, अशी मामांची श्रद्धा होती. खंडेनवमीला लोक अवजारं पुजतात. मामा त्या पुस्तकात 'सार्वजनिक उपद्रवा'चं कलम उघडून त्यावर शेवंतीचं फूल वाहत. मग वर्षभर कोर्टात पुस्तक उघडलं की कलमाबरोबर वाळलेल्या पाकळ्याही बाहेर पडत.

घरही कायद्यातून सुटलं नव्हतं. मामीनं अंगणात सिगडी पेटवली की ओसरीवरून आवाज येई, "अवं, हा उपद्रव सार्वजनिक होऊन राहिला!" मामी फुंकणी न सोडता म्हणे, "मंग भातावर स्टे आणा." लग्नानंतर मी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा आत मिरच्यांची फोडणी पडली आणि मला शिंकांवर शिंका आल्या. मामांनी पाणी दिलं नाही. चेहरा उजळून ते म्हणाले, "जावाईबापू, साक्ष द्याल काय?"

सकाळी तर्रीपोह्याची बशी हातात आली की मात्र मामा कायदा विसरत. एकदाच ती बशी अर्धी खाली ठेवलेली मी पाहिली. मागच्या गल्लीतले कवडूजी विणकर त्या दिवशी ओट्यावर येऊन बसले होते. कवडूजी रोज सकाळी गल्लीभर पांढऱ्या सुताचा लांब ताणा ताणत आणि त्याला कुंच्यानं खळ लावत. गल्लीच्या टोकाला पोह्यांची मिल होती. तिचं धुराडं बुटकं, जळण भाताचा कोंडा. काजळी उडे, ओल्या खळीवर बसे आणि कुंच्याखाली पसरे. व्यापारी माल परत पाठवू लागला होता.

"वकीलसाहेब, माग मोडून टाकतो आता," कवडूजी म्हणाले. "लाकूड तरी कामी येईन."

"काहून? हवा काय त्या मिलवाल्या शेठच्या बापाची हाय?" मामा गरजले. मग बशीकडे बघून जरा खाली आवाजात म्हणाले, "पोहे त्याच मिलचे हायेत. पण भांडण धुराशी हाय, पोह्याशी नाही." आणि बशी संपवली.

मामांनी मिलवर केस घातली आणि पुराव्यासाठी दसऱ्याला एक कोरं धोतर गच्चीवर, गल्लीच्या बाजूनं वाळत घातलं आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असा हुकूम काढला. घरी कोणी आलं की चहाआधी त्याला गच्चीवर नेऊन धोतर दाखवत. संक्रांतीपर्यंत त्याला डांबराचा रंग आला होता. सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी मामांनी ते उतरवलं, ओसरीवरच्या खुर्चीवर ठेवलं आणि बाररूमला निघून गेले.

आता त्या खुर्चीवर जे ठेवलं जाईल ते धुवायचं, असा मामीचा लग्नापासूनचा शिरस्ता. पुरावा उतरवला म्हणजे त्याचं काम झालं, असं तिला वाटलं. तिनं धोतर सोड्यात उकळलं, आपटलं, नीळ दिली, खळ घातली, उन्हात वाळवून कोळशाच्या इस्त्रीनं कडक केलं. मामा ते पिशवीत ठेवायचं म्हणाले होते, हे आठवून कागदात बांधून पिशवीतही ठेवलं. सकाळी मामांनी न बघता पिशवी उचलली.

मी कोर्टात हजर होतो. मामांचं भाषण रंगलं, पाकळ्या पडल्या, आणि "हा पाहा साहेब, गल्लीचा श्वास!" म्हणत त्यांनी पुडकं सोडलं. आतून घडी न मोडलेलं शुभ्र धोतर निघालं.

शेठजींचे वकील उठून म्हणाले, "यही धुआँ है क्या, वकीलसाब?" सगळं कोर्ट हसलं. कवडूजी खाली मान घालून बसले. मला इतकं वाईट वाटलं की मामांकडे बघवेना.

मामांनी धोतराची घडी मोडून ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. मग म्हणाले, "साहेब, माझ्या बायकोनं पुरावा धुतला. हे धोतर आता पांढरं आहे, याची सगळ्यांनी साक्ष दिलीच आहे. उद्या सकाळी ते कवडूजींच्या ताण्याशेजारी बांधू. आपण समोर बसा. धूर नसेल तर ते पांढरंच राहील."

दंडाधिकारी हसऱ्या तोंडाचे होते. ते खरोखर आले, तेही पांढऱ्या बुशशर्टात. शेठजींनी त्या दिवशी मिल बंद ठेवायला हवी होती; पण लग्नसराईचा माल अडला होता, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांना तो धूर दिसतच नव्हता. मामीनं साहेबांना पोहे दिले. बशी रिकामी होईपर्यंत धोतरावर काळे ठिपके उमटले होते. साहेबांनी खांदा झटकला, तर काजळी शर्टभर फरफटली.

मामी कळवळली. "साहेब, तो शर्ट खुर्चीवर ठेवा. आत्ता धुऊन देतो मी."

"धुऊ नको वं!" मामा जिवाच्या आकांतानं ओरडले. "तो पुरावा हाय!"

साहेब मिल बंदच करायला निघाले होते. मामांनीच अडवलं. म्हणाले, "बंद नको, साहेब. याच गल्लीतल्या बाया तिथं कामाला जातात. धुराडं उंच करायला लावा, तोंडाशी जाळी लावा." तसा हुकूम निघाला. कवडूजींचा माग वाचला, आणि पहिल्या स्वच्छ ताण्याचं, लाल काठाचं धोतर त्यांनी मामांच्या हातात ठेवलं. मामा ते फक्त सणाला नेसत. पुढे हवेचा वेगळा कायदा खरंच आला, तेव्हा ते धोतर नेसून त्यांनी सगळ्या आळीला पोहे खाऊ घातले. "माही केस दिल्लीले पोचली!" असं ते ज्याला त्याला सांगत होते. दिल्लीला यांचं नावही ठाऊक नसणार, पण त्यांचा आनंद अगदी खरा होता.

मामा गेले ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, झोपेत. सणाचं ते धोतर त्यांनी आदल्या संध्याकाळी खुर्चीवर काढून ठेवलं होतं. तेरावा झाल्यावर मी गेलो, तरी ते तिथंच होतं, काठाला पानाचा एक डाग घेऊन. त्या खुर्चीवर इतके दिवस कपडा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मी नकळत म्हणालो, "मामी, हे धुवायचं राहिलं का?"

मामीनं धोतराची घडी सारखी केली आणि पुन्हा खुर्चीवरच ठेवली.

"राहू द्या, जावाईबापू," ती म्हणाली. "तो पुरावा हाय."