धामणीची कात

दुरुस्तीच्या दुकानात पंधरा-वीस वर्षं काढली की किस्से शोधायला जावं लागत नाही, तेच गळ्यात पडतात. कथिलाचे थेंब टेबलाखाली साचत जातात आणि कितीही झाडलं तरी निघत नाहीत, तसंच. आमचं दुकान गोंदियात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. मालक शेंडेभाऊ, कारागीर असलमभाई आणि काउंटरवर मी. टीव्ही, रेडिओ, मिक्सर सगळंच यायचं. पण दोन हजार सालानंतर आमचं नाव झालं ते एका भलत्याच कामासाठी.

त्याचं असं. ऐंशीच्या सुमारास कोणाकोणाच्या मेहुण्यांनी परदेशातून घरगुती कॉम्प्युटर आणले होते. कीबोर्डच्या आतच अख्खा कॉम्प्युटर. फ्लॉपी आणि बाकीचा पसारा वेगळ्या लोखंडी पेटीत. दोघांना जोडणारी केबल मनगटाएवढी जाड, टोकाला विटेएवढा प्लग. वीस वर्षांत तिच्या आतल्या तारा तुटायच्या आणि नवी कुठे मिळायची नाही. भाऊंनी तिच्या जागी चपटी, पातळ पट्टी बसवायची युक्ती काढली, आणि पार नागपूर-भिलाईहून लोक पेट्या घेऊन यायला लागले.

*

पहिली केबल भाऊंनी साकोलीहून बसने आणली, पिशवीत घालून. कोहमाऱ्याच्या अलीकडे पिशवी कलंडली आणि काळं टोक सीटखालून बाहेर आलं. मागच्या बाईने दोन्ही पाय वर घेतले.

"धामण आहे वं माय, धामण!"

अर्धी बस दाराशी. कोहमाऱ्याला ढाब्यासमोर गाडी थांबली, कंडक्टर काठी घेऊन आला. भाऊंनी केबल हातात धरून दाखवली. "कॉम्प्युटरची आहे हो, सोडा ती काठी."

कंडक्टरने वाकून नीट पाहिलं. म्हणाला, "एवढी मोठी आहे, तर हिचं लगेज काऊन नाई काढलं?"

त्या दिवसापासून दुकानात त्या केबलचं नाव धामण.

*

नव्या पट्टीला एका कडेने लाल रेघ असते. ती पहिल्या पिनकडेच यायला पाहिजे, उलटी बसली की मशीन जळालं म्हणून समजा. एकदा भाऊंनी गप्पांच्या नादात पट्टी उलटी बसवली आणि बटणाकडे हात नेला. तेवढ्यात लाइट गेली. भाऊ महावितरणच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसले. असलमभाईंनी टॉर्च मारला आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, गाली वापस लो. साडी उल्टी पहना दी है आपने."

लोडशेडिंगला हात जोडणारा गोंदियातला पहिला माणूस मी त्या दिवशी पाहिला.

*

अर्जुनी मोरगावचे मेश्राम गुरुजी आमचे सगळ्यात आवडते गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त झालेले. फोन उचलला की आधी "जय भीम, बाई," मग माझ्या तब्येतीची चौकशी, मग काम. त्यांचा कॉम्प्युटर साळ्याने मस्कतहून आणलेला, आणि तो बोलायचा! गुरुजींनी त्यात पाढे भरले होते. पेटी इंग्रजीत विचारायची, सेवन इंटू एट? ओसरीवर बसलेली गल्लीतली पोरं ओरडून उत्तर द्यायची. रोज संध्याकाळी ओसरी भरलेली. मग धामण खराब झाली, पेटी मुकी झाली आणि पोरं यायची बंद झाली. गुरुजी फोनवर म्हणाले, "बाई, घर खायले उठून राहिलं."

शेजाऱ्यासोबत रेल्वेने मशीन पाठवलं त्यांनी. त्या धामणीला एका जागी साडीच्या काठाची चिंधी गाठ मारून बांधलेली होती. भाऊ म्हणाले, "उंदरानं कुरतडलं असन." चिंधी कापून फेकली, धामण खिळ्याला टांगली, पट्टी बसवली, मशीन बोलतं करून परत पाठवलं.

*

त्याच आठवड्यात नागऱ्याचे रहांगडालेभाऊ रेडिओ न्यायला आले. खिळ्यावरच्या धामणीकडे बघत राहिले. म्हणाले, "हे मले द्या. म्हैस रोज दावं तोडून राहिली." आम्हाला काय, अडगळच ती. बाकीच्या तर केव्हाच भंगारात गेल्या होत्या. देऊन टाकली.

आठ-दहा दिवसांनी हजर. "अजून एक आहे का?"

"काय झालं, तोडली?"

"कायची तोडते! चावून चावून लाड करते तिचे. आता दुसरी म्हैस रुसली ना."

*

आणि मग गुरुजींचा फोन. "बाई, तुमची पट्टी बिघडली."

भाऊ आणि मी अर्जुनीला गेलो. बटण दाबलं, मशीन खणखणीत बोलायला लागलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी गुरुजींकडे. गुरुजींच्या पत्नी, काकू, चहा ठेवायला आत गेल्या तसे गुरुजी खाली बसले आणि हळूच म्हणाले, "मशीन ठीक आहे हो. मलेच दिसत नाई."

काचबिंदू. दोन वर्षांपासून कमी कमी होत, आता नुसती उजेडाची चाहूल. ते जमिनीवरच्या पेटीवर हात ठेवायचे, जाड धामण मुठीत धरायची आणि तिच्यावरून हात सरकवत टेबलावर, कीबोर्डपर्यंत पोचायचे. आमची पातळ पट्टी कुठे लागते हाताला? दोनदा त्यांनी मॉनिटर पाडता पाडता वाचवला होता. पोरं हसली, म्हणून त्यांनीच ती घरी धाडली.

"काकूंना सांगायचं ना," मी म्हटलं.

"तिले सांगतलं का पोराले समजन. तो नागपूरले घेऊन जाते म्हणून बसलाच आहे. तिथं चौथ्या माळ्यावर मी का करू, बाई? इथं निदान पोरं येतात."

भाऊ पट्टीकडे अशा नजरेने बघत होते जणू तिने चोरी केली होती.

*

गोंदियाला परतल्यावर भाऊ थेट नागऱ्याला. म्हशीच्या गळ्यात धामण. भाऊंनी नवीन दावं देऊ केलं, रेडिओ फुकट दुरुस्त करून देतो म्हणाले. रहांगडालेभाऊ हलेनात.

"म्हैस घेऊन जा पायजे तर. दावं नाई देत."

शेवटी भाऊंनी त्यांना गोठ्यातच बसवून गुरुजींची सगळी गोष्ट सांगितली. रहांगडालेभाऊ उठले, धामण सोडली, पंपाखाली धुतली, आपल्या दुपट्ट्याने पुसली. म्हणाले, "काऊन नाई सांगतलं आधी?"

*

असलमभाईंनी धामण पोटातून चिरली, जुन्या तारा ओढून काढल्या. रिकाम्या सालात आमची पट्टी लांबीत दुमडून घातली आणि मी दाभणाने शिवली. भाऊ म्हणाले, "हिनं टाकलेली कात आपणच हिले परत घालून राहिलो."

अर्जुनीला नेऊन जोडली. गुरुजींनी पेटीवर हात ठेवला, धामण मुठीत धरली. चेहरा असा उजळला की सांगता येत नाही. मधेच बोटं थांबली.

"हे खड्डे कायचे, शेंडेभाऊ?"

"कंपनीचेच आहेत, गुरुजी."

हात पुढे सरकला आणि बोटं टेबलाच्या कोपऱ्यावर खाडकन आपटली. "काही नाई, काही नाई," ते म्हणाले आणि हात झटकला.

तेवढ्यात फोन वाजला. नागपूरहून मुलाचा. काकूंनी उचलला. कोपऱ्यावर आपटल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. रिसीव्हर खांद्याशी दाबून त्यांनी दांडीवरच्या जुन्या साडीचा काठ टर्रकन फाडला. फोनची वायर ताणत टेबलापाशी आल्या. कोपऱ्याच्या वीतभर अलीकडे धामणीला चिंधी गुंडाळली आणि गाठ मारायला लागल्या. मी चिंधीकडे बघत राहिले. तीच जागा, तशीच गाठ.

"नाई रे बाबू," त्या फोनवर म्हणत होत्या, "डोळ्याले का झालं त्याइच्या? चांगलं दिसते. मशीन आली ना सुधरून, आता पाढे घेतीन पोराइचे."

गाठ आवळली, बोटाने दाबून पाहिली आणि बोलत बोलत फोनपाशी परत गेल्या.

गुरुजींनी पुन्हा पेटीपासून हात सरकवला. बोटं गाठीवर आली, थांबली, कोपरा चुकवून वर गेली आणि बरोबर कीबोर्डवर टेकली. "उंदरं कुरतडतात म्हणून बांधते ती," ते आम्हाला म्हणाले. मग आतल्या दाराकडे कान देऊन, आवाज अगदी खाली आणून, शाळेतल्या पोरासारखे हसले.

"पाहा, हिले अजून पत्ताच नाई."