पोरीच्या खेळाला किती तारे

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पोरीचा मोबाईलवरचा खेळ तपासणं. पोरगी नागपुरात खेळ बनवते. हा तिनं आमच्याच जंगलावर बनवला होता. बाई मोहफुलं वेचते, वाघ येतो, त्याच्या आधी टोपलं भरायचं. बाजारात आणायच्या आधी तिनं आम्हाला पाठवला. "पाचातले किती तारे ते सांगा. खरं खरं."

आमचं गाव ताडोब्याच्या कडेला. सांजेला ओसरीवर बसलो. बायको खेळात दोनदा मेली आणि मोबाईल माझ्या मांडीवर टाकला.

"वाघ डरकाळी मारून येते काय जी? आन् हे बाई एकटीच वाकून राह्यली. राखण कुठी हाय?"

"खेळ हाय तो."

"म्हणून खोटं दाखवाचं? दोन तारे."

"पोरीले वाईट वाटन. पाच सांगू."

"सांगा. तुमाले तर वाघ पण आवडला!"

आमच्याकडे मोहाला जोडीनं जातात. एक वेचतो, दुसरा उभा राहून राखण करतो. वाकलेला माणूस वाघाला जनावर दिसतो. लग्न झाल्यापासून राखणीला मीच उभा.

पहाटे तिनं टोपलं उचललं. मी बाजेवर खेळत होतो.

"उठा न जी."

"तू हो पुढं. हे झाड झालं का आलोच."

खेळातलं ते झाड झालं, तर पुढचं उघडलं. ऊन भिंतीवर आलं तेव्हा निघालो. बांधावरून खोकललो, ती आमची खूण. उलट खोकला आला नाही. पुन्हा खोकललो. झाडाखाली टोपलं सरळ होतं, अर्धं भरलेलं. चप्पल एकच. हाका मारत राहिलो, पाय पुढं पडेना. लोक काठ्या घेऊन आले, तेव्हा ती नाल्यात सापडली.

वनखात्याच्या माणसाला सांगितलं, गुडघा दुखत होता म्हणून घरी राहिलो. गावाला तेच. संध्याकाळी पोरगी आली, तिलाही तेच.

"आईले खेळ आवडला का बाबा?"

"आवडला."

"मंग आईच्या नावानंच बाजारात काढीन."

खरं सांगावं तर पोरगी जन्मभर तो खेळ उरावर घेऊन फिरणार. न सांगावं तर तिच्या आईच्या नावाखाली खोटं बाजारात जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला समोर बसवलं.

"माहा गुडघा धड हाय. मी तुहा खेळ खेळत होतो."

तिनं हातातला मोबाईल खाली ठेवला.

"तुह्या आईनं दोन तारे देले. मी पाच देणार होतो. खेळ माणसाले उठूच देत नाई. तुमच्या धंद्यात तो गुण म्हणून लिहतेत न? मी दोष म्हणून सांगून राह्यलो. लिहून घे."

"बाबा, बस करा."

"लिही."

तिनं पेन घेतला नाही. मग मीच घेतला. मी तिसरी शिकलेला, एकेका अक्षराला वेळ लागतो. सकाळभर खेळाचे दोष लिहिले, दीड पान झालं. खाली तारे दोनच काढले.