चौघांचा राक्षस

दारव्हा तालुक्यात चिडण्याचं काम एकट्याने अंगावर घेतलेला माणूस कोण, असं विचारलं तर उत्तर एकच आहे: माझे साडू. बातमीदारीत मी संतापलेली माणसं भरपूर ऐकली आहेत. त्यांचा राग चहा आला की थांबतो. साडूंचा राग चहासकट चालू राहतो. आणि त्याला कारण सोयाबीनचा भाव नाही, गेलेली वीज नाही. कारण आहे राक्षसांचं एक जाडजूड पुस्तक.

साडू जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवतात. बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब, ओल किती, कवडी म्हणजे किडका कापूस किती हे पाहायचं आणि शेतकऱ्याचं तोंड न बघता प्रत सांगायची. दर रविवारी दुपारी मात्र त्यांच्या घरी वेगळा खेळ चालतो. टेबलाभोवती आम्ही चौघे, म्हणजे मी, एक औषध दुकानदार, एक पोस्टमन आणि एक शिक्षिका, कुणी योद्धा, कुणी वैद्य होऊन बसतो. साडू गोष्ट सांगतात, वाटेत राक्षस सोडतात आणि वीस बाजूंचा फासा टाकून आम्ही त्याच्याशी लढतो. पुस्तकात प्रत्येक राक्षसासमोर एक आकडा छापलेला असतो. राक्षस किती अवघड, हे तो आकडा सांगतो: चार जणांनी लढून दमावं, पण जिवंत परत यावं, या मापाने. साडूंच्या मते तो साफ खोटा असतो. "अस्वल पाहा!" ते पुस्तकावर हात आपटतात. "अस्वल याहीनं फरदडीत टाकलं! शेवटच्या वेचणीचा कापूस हाये का तो? लिहिणारा कधी अस्वलासमोर गेलता काय?" साडूही कधी गेलेले नाहीत. ते सुचवण्याची हिंमत आमच्यात नव्हती.

मग त्यांनी दिसेल त्याला स्वतःचे आकडे द्यायला सुरुवात केली. घरासमोरची मारकी म्हैस तीन. बँकेतले साहेब सात, जेवणाच्या सुट्टीनंतर नऊ. आमच्या दोघांच्या सासूबाईंचा आकडा मी विचारला, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. "त्या पुस्तकात मावत नाहीत." केळापूरकडच्या एका लग्नात आग्या मोहोळ उठलं आणि पंगत पानं टाकून पळाली. साडू उपरणं गुंडाळून मांडवातच उभे राहिले आणि सुजलेल्या तोंडाने माझ्यावर ओरडले, "पुस्तक म्हणते एका माशीचा आकडा शून्य! शून्य गुणिले हजार किती, सांगा पत्रकार!"

"शून्य."

"मग हे तोंड काय हाये?"

त्यांचा एक नियम होता. राक्षस रविवारी आमच्यासमोर आणण्याआधी ते शनिवारी त्याची एकट्याने चाचणी घेत. आम्हा चौघांच्या वतीने स्वतःच फासे टाकत आणि प्रत, म्हणजे राक्षसाचा आकडा, ठरवत. एकदा ठरली की खेळात कुणी मरायला टेकलं तरी बदलत नसत. "कापूस वजनकाट्यावर चढल्यावर प्रत फिरवत नाही," म्हणत. मान्य करायला हवं, प्रत अचूक असे. आम्ही दर वेळी धापा टाकत, पण जिवंत परतत होतो. त्याचं बरंचसं श्रेय राठोड मॅडमचं. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गुहेच्या तोंडाशी आम्ही कुजबुजत असलो की त्या बाही सरसावत, "सरका, मी चालली समोर," म्हणत आणि "याडी!" अशी आपल्या बोलीत आईला हाक मारून फासा टाकत.

त्यांची बदली उमरखेडला झाली. फोनवरून खेळू, असं त्यांनी सुचवलं. साडू भडकले. "फोनवर फासा कोणाले दिसन?" मॅडम गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी नवशिक्यांसाठी म्हणून छापलेल्या एका सरड्याने आम्हा तिघांना मारलं. पुढच्या रविवारी लांडग्यांनी. त्याच्या पुढच्या वेळी आमच्यातल्या औषध दुकानदाराचा वर्षानुवर्षं जपलेला वैद्य चिखलातल्या एका किड्याने गिळला. दुकानदार उठला. "भाऊ, तुमचा राग पुस्तकावर होता. आमाले कायले मारून राह्यले?" साडू म्हणाले, "प्रत बरोबर हाये. तुमीच हलके." दुकानदाराने चपला घातल्या आणि पुन्हा येणार नाही असं सांगितलं. मीही चिडलो होतो. चुकलेला आकडा चुकला म्हणून कबूल न करणारा माणूस मला कामात चालत नाही, खेळात का चालावा? पुढच्या शनिवारी दुपारी, हे बंद करा, असं सांगायला मी त्यांच्या घरी गेलो.

दार लोटलेलं होतं. आतून साडूंच्या तोंडून माझाच आवाज आला: "थांबा, आधी माहिती घेऊ." मग दुकानदाराचा: "औषध जपून वापरा." मग पोस्टमनचा: "मी मागून येतो." फासा घरंगळला. मग आवाज चढला. "सरका, मी चालली समोर. याडी!" पुन्हा फासा. टेबलावर थाप पडली. "मेला. बरोबर हाये प्रत."

मी आत गेलो. टेबलावर चार खुर्च्यांसमोर चार सोंगट्या मांडलेल्या होत्या.

"साडूभाऊ, आम्ही तिघं आहोत," मी म्हणालो.

ते इतके चिडले की कानापर्यंत लाल झाले. "मले मोजता येत नाही काय? तिघायसाठी कसा मोजू? तुमच्यात समोर जाणारं हाये कोण? एक माहिती घेते, एक औषध राखते, एक मांगं राह्यते!"

स्वयंपाकघरातून त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, हात पुसत आली. "मी जातो ना समोर."

"तुले नियम माहीत हायेत?"

"दर शनवारी चौघायचं भांडण ऐकतो मी. नियम पाठ झाले, तुमचा राग पाठ झाला. सरका."

मी दुकानदाराला समजावून परत आणलं. आता आम्ही पुन्हा चौघे आहोत. मेहुणी कुणाला न विचारता समोर जाते, साडू तिच्यावरही ओरडतात आणि ती त्यांना चहा देत नाही. तरीही आम्ही बहुतेक रविवारी हरतो. प्रत अजून थोडी जडच लागते. दुकानदार कुरकुरतो, पण येतो.

मध्यंतरी एका शनिवारी मी त्या दारापाशी पुन्हा थांबलो. आत चाचणी सुरू होती. माझा आवाज होता, दुकानदाराचा होता, पोस्टमनचा होता, आता मेहुणीचाही होता. मग एक खुर्ची सरकली, आणि हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "याडी" आलं.

चाचणीत पाच जण धरल्यावर चौघांना राक्षस जड जाणारच. चूक कुठे आहे हे मला माहीत आहे. मी दार न वाजवता परत फिरलो.