हौसाक्काच्या जागेवर

डोळा लागतोय. खिडकीजवळच्या खुर्चीत मी बसलेय, मांडीवर शाल आहे आणि समोरच्या कट्ट्यावर चहा निवत चाललाय. काचेवर थोडं ऊन आलंय. इथलं ऊन म्हणजे नवी सून, आत येऊ की नको करत उंबऱ्यावरच उभं राहणार. ते आत येईपर्यंत जागं राहायचं असं मी ठरवते आणि मान पुढे पडते.

ही खोली म्हणजे पूर्वीचा थॉर्नबी ब्रदर्सचा कारखाना. विजेच्या इस्त्र्या, किटल्या, टोस्टर बनवणारी कंपनी होती ती, एके काळी अर्ध्या इंग्लंडच्या स्वयंपाकघरात तिचं नाव होतं. कऱ्हाडला सासरी काही वर्षं काढून मी इंग्लंडला आले आणि एकोणीस वर्षं मी याच मजल्यावर इस्त्रीला मूठ बसवत होते. कंपनी बुडाली. पुढे बरीच वर्षं इमारत कबुतरांच्या ताब्यात होती, मग कुणीतरी तिचे फ्लॅट केले, आणि आमच्या विक्रांतने त्यातला एक माझ्यासाठी घेतला. "आई, जिथे तू राबलीस, तिथली आता मालकीण!" असं म्हणून त्याने माझ्या हातात किल्ली ठेवली. त्याचे डोळे भरून आले होते. अशा वेळी आईने काय म्हणायचं? मी म्हटलं, छान आहे रे. तेव्हापासून सगळं छानच चाललंय. जिथून माझा जीव एकदाचा सुटला होता, तिथेच लेकराने मला पुन्हा नेऊन बसवलं आणि वर पेढे वाटले.

याच गावातलं माझं जुनं घर अजून विकलेलं नाही. मागे हातभर अंगण, मेथीचा वाफा, कुरकुरणारं फाटक. उद्या विक्रांत येणार आहे, ते घर विकायच्या कागदांवर माझी सही घ्यायला. मी त्याला 'ये' म्हटलंय. दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

आणि ही खिडकी उघडत नाही. जुन्या पोलादी चौकटी शोभेसाठी तशाच ठेवल्यात आणि त्यांच्यावर रंगाचे इतके थर बसलेत की चौकट कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. बिल्डरचा माणूस म्हणाला, काय करायचीय उघडून, आत हीटिंग आहे.

"शालन."

हाक अगदी कानाशी येते.

"शालन, ऐकतीस का? जरा माझ्या जाग्यावर बस."

ओट्यापाशी हौसाक्का बसलीये. माझी थोरली जाऊ. जाऊन किती वर्षं झाली तिला. कारखान्यात, लाइनवर, ती माझ्या उजव्या हाताला बसायची. ती इस्त्रीला वायर जोडायची आणि तिची इस्त्री पुढे माझ्याकडे मुठीसाठी यायची. आताही तिच्या अंगात कंपनीचा निळा ओव्हरऑल आहे, त्याच्या खालून लुगड्याचा काठ दिसतोय आणि गळ्यात वायरींचा जुडगा लोंबतोय. माझा ओटा हळूहळू सरकायला लागलाय. चमच्यांचं स्टँड डावीकडे निघून गेलं. ओटा नाहीच तो, लाइनचा पट्टा आहे.

"आक्का, तुम्ही?"

"मग कोन, मिस्टर थॉर्नबी? ऊठ तिथनं आनी बस हितं."

"आणि तुम्ही कुठं चाललाय?"

"ऊन बघून येते. इतकी वर्सं ह्या जाग्यावर काढली, कामाला येताना अंधार, जाताना अंधार. पाठीवर ऊन म्हनून पडलं न्हाई."

लाइनचा एक नियम होता. पट्टा थांबत नाही, म्हणून जागा रिकामी सोडायची नाही. बाहेर जायचं असेल तर हात वर करायचा आणि 'रिलीफ' म्हणून ओरडायचं. मग डोरीन नावाची एक बाई यायची, आपल्या जागेवर बसायची, आणि ती बसल्यावरच आपण उठायचं. हौसाक्का बिनदिक्कत हात वर करायची. तंबाखूची मिश्री लावायला गेली तरी डोरीनला बसवून जायची. मी पहिल्याच आठवड्यात एकदा हात वर केला होता. डोरीन येताना काहीतरी म्हणाली, मला ते समजलं नाही आणि सगळी लाइन हसली. त्यानंतर मी हात वर केला नाही. पोटुशी असताना केला नाही, ताप अंगात असताना केला नाही. चहाच्या सुट्टीपर्यंत दात आवळून बसायचं, हेच मला जमलं.

मी तिच्या जागेवर बसते. जागा गरम आहे. मेलेल्या माणसाची जागा गरम कशी, हे विचारायचं मला सुचत नाही.

"लवकर या हं, आक्का."

"आलेच म्हनून समज," असं म्हणून ती जाते. तिचं 'आलेच' मला चांगलं माहीत आहे. सासूबाई भाजी आणायला पाठवायच्या तेव्हाही ती 'आलेच' म्हणून जायची आणि गावभर फिरून यायची.

आता ती तिकडे माझ्या खुर्चीत बसलीये. आमच्यामध्ये कुठूनशी भिंत आलीये, पण भिंतीतून ती मला दिसते. तिने माझी शाल बाजूला टाकली आणि खिडकीवर मूठ आपटायला सुरुवात केली. धप्. धप्. पट्ट्याचा आवाजही तसाच आहे.

पहिली वस्तू येते. लाकडी मुठीची जड इस्त्री. खाली दरवाजापाशी पितळेची पाटी आहे, तिच्यावर कंपनीचा सगळा इतिहास कोरलाय आणि विक्रांतने तो मला मोठ्या हौसेने वाचून दाखवलाय. थॉर्नबी बंधू चर्चमधल्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. चुलीवर तापवलेल्या इस्त्रीने बायकांचे हात भाजतात म्हणून त्यांनी विजेची इस्त्री केली. त्या बायकांची नावं पाटीवर नाहीत. घरात वीज फक्त दिव्यापुरती असायची, म्हणून इस्त्रीची वायर दिव्याच्या होल्डरमध्ये खोचायची, आणि इस्त्री करायची तर अंधारात करायची. मी वायर जोडते. स्क्रू पिळते. पुढे ढकलते.

किटली येते, तांब्याची. जोडते. मग कोळशाची इस्त्री येते, धगधगती. ही कंपनीची नाही, ही आमच्या कऱ्हाडच्या घरातली. हौसाक्का पाणी शिंपडून हिनेच सासऱ्यांच्या धोतराला इस्त्री करायची. पायाखाली गार लागतं म्हणून मी खाली बघते तर कृष्णेचं पाणी आलंय, घाटाच्या पायऱ्यांवर लाइनच्या सगळ्या बायका ओळीने बसल्यात, निळे ओव्हरऑल घालून दगडावर कपडे आपटतायत. धप्. धप्. कुणी मान वर करत नाही.

"आक्का, झालं का?"

"थांब की जरा. आत्ताशी कुटं रंग निघाया लागलाय."

पाणी ओसरतं. काचा काळ्या होतात, दुसरं महायुद्ध सुरू झालंय. आता इस्त्र्या नाहीत, पट्ट्यावरून बाँबचे सुटे भाग येतात आणि मी त्यांनाही वायर जोडते, कारण पट्ट्यावरून आलेल्या वस्तूला हात आपोआप जातो. पुन्हा उजेड होतो. आकाशी रंगाच्या इस्त्र्या यायला लागतात आणि मला एकदम बरं वाटतं. हे आमचे दिवस. या इस्त्र्या इतक्या खपत होत्या की नाताळात कंपनीने प्रत्येकीला एकेक टर्की, म्हणजे इकडची भलीमोठी कोंबडी, दिली होती. आम्ही दोघी जावा ते धूड पिशवीत घालून बसने घरी आणलं, आणि हौसाक्काने तांबडा मसाला घालून त्याचा रस्सा केला. सगळी गल्ली वास घेत दारात उभी होती.

मग एक इस्त्री वायरीशिवाय येते. तिच्या मागून दुसरी, तिसरी. मला कळतं, हा कोणता दिवस आहे.

त्या सकाळी हौसाक्का जागेवर आलीच नव्हती. घरीच छातीत कळ आली आणि गेली. इस्पितळातून निरोप आला तेव्हा मी मूठ बसवत होते. वायरीशिवाय इस्त्र्या पुढे चालल्या म्हणून सुपरवायझर ओरडत आला. दुपारपर्यंत त्या जागेवर दुसरी बाई बसली होती. मी रडले नाही. लाइन चालू होती.

आता मी रडते. रडत रडत एकेका इस्त्रीला वायर जोडते, एकही सोडत नाही.

त्यानंतरच्या वस्तू हलक्या होत जातात. प्लास्टिकची किटली, प्लास्टिकची इस्त्री. कंपनी एकाने घेतली, मग दुसऱ्याने घेतली. पुढे नुसती खोकी येतात, माल कुठल्या तरी दुसऱ्या देशात तयार होऊन आलेला, आम्ही वर फक्त थॉर्नबीचं लेबल चिकटवायचं. मग खोकीही संपतात. पट्टा रिकामा पळतोय.

मला उठायचंय. मला कुणी बांधलेलं नाही, दारालाही कुलूप नाही. फक्त माझ्या जागी बसायला कुणी नाही. लाइनवरच्या बायका कधी उठून गेल्या ते मला दिसलंच नाही. माझ्याभोवती गवंडी काम करतायत, जिथे सुपरवायझरची काचेची खोली होती तिथे बाथरूम झालं, पाठीमागे भिंत आली, समोर कपाटं आली. एक जण खिडक्यांना पांढरा रंग देतोय. मी त्याला हाक मारते तर तो हसून मान हलवतो आणि आणखी एक हात मारतो. खाली विक्रांत पाटी वाचून दाखवतोय, कुणाला ते दिसत नाही. आवाज मात्र कौतुकाचा आहे.

पट्ट्यावरून काहीतरी येतंय. कागद आहेत. वर पेन ठेवलंय.

"आई, इथे फक्त सही," विक्रांत म्हणतो.

माझा हात पुढे जातो. मला सही करायची नाहीये, माझं अंगण, माझा मेथीचा वाफा, मला काही म्हणजे काही द्यायचं नाहीये. पण पट्ट्यावर आलंय आणि हाताला दुसरं काही येत नाही. पेन बोटांत आलं. टोक कागदाला लागलं.

मी हात वर करते. पेन कुठेतरी पडतं. घशातून आवाज निघत नाही, नुसता वारा निघतो. पुन्हा जोर लावते. "रिलीफ!" कुणी येत नाही. डोरीन कधीच मेली. "आक्का! अहो आक्का, या हो! मला उठायचंय! मला नाही बसायचं इथं!"

"आले, आले. केवढ्यानं वरडतीस?" हौसाक्का भिंतीतून येते, हात झटकत. तिच्या गालावर ऊन पडलंय आणि ते तिच्याबरोबरच चालतंय. "बरी हाईस की. मला वाटलं, हिला वाचा न्हाई."

"तुम्ही ऊन बघायला गेलात आणि मला इथं अडकवून ठेवलंत!"

"मी? मी पाच मिंटं बस म्हनलं. तू बसूनच ऱ्हायलीस."

"बसा आता तुमच्या जागेवर."

"मी न्हाई बसनार."

"अहो, कंपनी बंद पडली आक्का. केव्हाच. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"ठाव हाय मला."

"मग हा पट्टा कसा चालू आहे?"

"तू बसलीस म्हनून," ती म्हणते. "मी कवाच उठले, बाई. ऊठ आता."

"पण माझ्या जागी कोण बसणार?"

हौसाक्का माझ्याकडे बघते. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा माझ्या हातातलं जड भांडं काढून घेताना ती असंच बघायची.

"कुनी न्हाई," ती म्हणते. "तशीच ऊठ."

मी गुडघ्यांवर हात टेकते. गुडघे कुरकुरतात. मी उठते आणि पट्टा थांबतो. एवढी शांतता मी या मजल्यावर कधी ऐकली नव्हती.

मी खिडकीपाशी उभी आहे. खरीच उभी आहे, शाल खाली पडलीये, चहावर साय धरलीये. अंगाला गार लागतंय. खालच्या रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज येतो, कुणीतरी कुत्र्याला रागावतंय, आणि हे सगळं इतकं जवळून कसं ऐकू येतंय ते मला आधी कळत नाही.

खिडकी उघडी आहे. चांगली हातभर उघडी. चौकटीच्या कडेने रंगाचा सगळा थर फाटलाय आणि त्याचे पापुद्रे जमिनीवर पडलेत. माझी उजवी मूठ दुखतेय. मी हात उजेडात धरते तर नखांत पांढरा रंग भरलाय.

फोन मी डाव्या हाताने लावते.

"आई? सगळं ठीक ना?"

"विक्रांत, उद्या ये. पण ते कागद आणू नकोस. मी सही करणार नाही. गाडी घेऊन ये आणि मला माझ्या घरी सोड."

 तो अगदी लहान आवाजात विचारतो, "तुला इथे आवडत नाही?"

"नाही रे बाळा. पहिल्या दिवसापासून नाही."

"मग आधी का नाही बोललीस, आई?"

वारा आत येतो आणि जमिनीवरचे पापुद्रे थोडे सरकतात. मी नखातला रंग काढत राहते.

"लाइन चालू होती," मी म्हणते.