पोरीला सांगितलं, बापानं ऐकलं

आमची पोर साडेतीन महिन्यांची असताना लस द्यायला आलेल्या नर्सबाईंनी मला बजावलं, की कळत नसलं तरी लेकराशी दिवसभर बोलत राहा. मी मुळात कमी बोलणारी. लग्न होऊन माकणीला आले त्याला दोन वर्षं झाली होती, तरी नवऱ्याशी माझं बोलणं 'पाणी तापलंय' आणि 'भाकरी वाढू का' यापलीकडं जात नव्हतं. तेही तसेच, अबोल.

काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी हातातलं कामच पोरीला सांगायला लागले. आता कांदा चिरते, आता डाळ टाकते. ती डोळे मोठे करून ऐकायची. हळूहळू माझी जीभ सुटली आणि मी गाऱ्हाण्यांवर आले. पप्पा ओला टॉवेल गादीवर टाकतात, असं मी म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी टॉवेल दोरीवर. पप्पा लोहाऱ्याच्या बाजारातून कधी काही आणत नाहीत, असं म्हटलं, तर संध्याकाळी भजी आली. हे दाराआडून ऐकतात, ते माझ्या लक्षात आलं. पण मी बोलणं थांबवलं नाही.

पोर आठ महिन्यांची झाली तेव्हा एकदा मी तिला म्हणाले, पप्पांची मिशी टोचते ना गं तुला?

दुसऱ्या दिवशी हे मिशी काढून आले. पोरीनं असा टाहो फोडला, की शेजारच्या काकू मागच्या दारानं धावत आल्या. यांचा चेहरा बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, "भाऊजी कधी गेले?" आमच्याकडं बाप गेल्यावरच मिशी काढतात. काकूंचे भाऊजी, म्हणजे माझे सासरे, पुढं ओट्यावर चहा पीत होते. तिथूनच म्हणाले, "न्हाय अजून. बसा, चहा घ्या."

सासूबाईंनी यांना लई झापलं. मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले. पोर काही यांच्याकडं जाईना. शेवटी हे उंबऱ्याबाहेर, तिला दिसणार नाही असे बसले आणि बोलायला लागले. विहिरीवरची मोटार जळाली, सोयाबीनला फुलं लागली, असं बरंच काही. आवाज ओळखून पोर रांगत दारापर्यंत गेली.

"तुझ्या आईला सांग," हे तिला म्हणाले, "माझ्याशी बोलली तर मी काय तिला खात न्हाय."

मी हात धुतले, पोरीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसून विचारलं, मोटार कशी जळाली? त्यांनी अर्धा तास सांगितलं. मला निम्मंही कळलं नाही. तव्यावरची भाकरी सासूबाईंनी उलटली.